इथंच बरं आहे

मागच्या हिवाळ्यात एका परिचितांकडे आम्ही जेवायला गेलो होतो. घर प्रशस्त होते, बैठकीतला सोफा रिकामा होता, तरी माझी नऊ वर्षांची मुलगी दाराशेजारच्या लहानशा स्टुलावर जाऊन बसली. घरच्या बाईंनी दोनदा आग्रह केला, तेव्हा ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "नको काकू, इथंच बरं आहे." बाईंना ते लाजऱ्या मुलीचे बोलणे वाटले असणार, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. माझ्या हातातला पाण्याचा पेला मात्र हातातच राहिला, कारण ते वाक्य माझ्या फार ओळखीचे होते. मी ते आयुष्यभर बोलत आले आहे, माझी आई बोलत आली आहे, आणि आजीच्या तोंडी ते "इथीच बरं हाय" असे असे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, उमरेडकडच्या एका खेड्यातली. आजोबांना एम्प्रेस मिल या कापड गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, काम मिळाले, तेव्हा ती नागपुरात आली आणि इंदोऱ्याजवळच्या वस्तीत राहिली. कोणाच्याही घरी गेली की ती उंबरठ्याच्या आतल्या अंगाला, भिंतीला पाठ टेकून, दार नजरेसमोर राहील अशी बसे. "इथं हवा येते," असे कारण ती सांगे. माझी आई शाळेत शिक्षिका होती. शिक्षकांच्या खोलीतली दाराजवळची खुर्ची तिने निवृत्त होईपर्यंत सोडली नाही, आणि तासाची घंटा झाली की तिथून पटकन निघता येते, असे तिचे म्हणणे. मी कार्यालयातल्या प्रत्येक बैठकीत शेवटच्या रांगेत कडेला बसते आणि फोन आला तर बाहेर जाता येते असे सांगते. कारणे तिघींची वेगळी आणि तिन्ही खरी वाटण्यासारखी. जागा मात्र एकच.

आजीच्या बोलण्याकडे मी लहानपणी कधी कान देऊन पाहिले नाही. आता ते आठवू लागले की तिच्या वाक्यांची घडणच मला अस्वस्थ करते. तिच्या आठवणींत कर्ता नसे. "पानी वरून वाढत." "तिकून जाऊ देत नसत." "एकदा लई मार बसला तुझ्या पणज्याले." कोण वाढत, कोण जाऊ देत नसत, कोणी मारले, हे वाक्यात येतच नसे. मराठीचे व्याकरण ही सोय देते. क्रियापदाला अनेकवचन लावले की कर्त्याचे नाव घ्यावे लागत नाही, आणि मार तर आपोआप ‘बसतो’, जशी धूळ बसते. आजीने ही सोय पुरेपूर वापरली. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही, ती माणसे मरून किती वर्षे झाली तरी, तिने त्यांची नावे घेतली नाहीत. मी एकदा हट्टाने विचारले, "पण मारलं कोणी?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "गावानं."

हा ‘गाव’ शब्द तिच्या भाषेत वेगळ्याच अर्थाने होता. ती ज्या खेड्यात जन्मली त्याच खेड्यातल्या दुसऱ्या बाजूला जायचे झाले की महारवाड्यातली माणसे "गावात जाऊन येतो" असे म्हणत. म्हणजे आपण राहतो ती जागा गावात मोडत नाही, हे त्यांनी रोजच्या साध्या वाक्यात मान्य करून टाकले होते. नागपूरसारख्या शहरात चाळीस वर्षे काढल्यावरही आजी सीताबर्डीला किंवा महालात निघाली की "गावात चालली मी" असेच म्हणे. आम्ही मुले हसत असू, कारण आम्हाला वाटे की ती शहराला गाव म्हणते आहे. ती शहराला गाव म्हणत नव्हती. आपण अजून वेशीबाहेरच राहतो, असे तिचा शब्द सांगत होता, आणि तो ती मुद्दाम बोलत होती असेही मला वाटत नाही.

पाण्याचेही तसेच. घरात नळ होता, पितळेचे आणि पुढे स्टीलचे पेले होते, तरी आजी बाहेरच्या कोणाकडे पाणी मागितले की ओंजळ पुढे करी. किंचित वाकून, दोन्ही तळवे हनुवटीशी आणून, वरून धार पडण्याची वाट पाहत ती उभी राही. आई वैतागून म्हणे, "माय, गिलासानं पी ना!" आजी ओशाळून पेला घेई आणि पुढच्या वेळी पुन्हा ओंजळ पुढे करी. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीनेच उचलले होते, हे मला शाळेत कळले तेव्हा मी धावत येऊन तिला सांगितले. तिला ते माहीत होते. "ती येगळी वंजळ," एवढेच ती म्हणाली. त्या उत्तरावर मी पुढे कितीतरी वर्षे विचार केला आहे: एक ओंजळ स्वतः पाण्यात घातलेली, आणि दुसरी कोणी पाणी घालील म्हणून पसरलेली.

आमच्या घरात या सगळ्याच्या गोष्टी सांगितल्या जात नसत, आणि याला दडपण म्हणावे की निश्चय, हे मला बरीच वर्षे ठरवता आले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आजी पांढरे लुगडे नेसून खेड्यातून पायी नागपुरात आली होती आणि आज जिला आपण दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत तिने बाबासाहेबांमागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. त्या प्रतिज्ञांची वाक्यरचना पाहावी: त्या ‘मी’ने बोलायच्या आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पालन करीन. कर्ता गाळून बोलायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलेल्या माणसांनी त्या सकाळी स्वतःलाच कर्ता करून मोठ्याने बोलावे, याचे मोल मला व्याकरणाच्या अंगानेही फार मोठे वाटते. त्यांपैकी एका प्रतिज्ञेत आज आपला नवा जन्म होत आहे असे म्हटले आहे. आजीने ती प्रतिज्ञा शब्दशः पाळली. माझी आई १९५८ साली जन्मली, म्हणजे त्या नव्या जन्मातली, आणि तिला मागच्या जन्मातले काही सांगायचे नाही, असे आजीने ठरवले होते. आईने काही विचारले की ती म्हणे, "ते सोडून आलो ना आपन." तिचे मौन ही मुलीला दिलेली देणगी होती. तिने सांगितले काहीच नाही. तरी बसण्याची जागा, पसरलेले तळवे आणि गाळलेला कर्ता तेवढे खाली उतरले.

शब्द बदलले तर माणूस बदलतो, ही समज आमच्या समाजाला फार आधीपासून होती आणि या कामात नागपूर पुढे होते. ‘जोहार मायबाप’ म्हणून खाली वाकायचे, ही एकेकाळची अभिवादनाची रीत. चोखोबांच्या नावावरच्या अभंगांतही जोहार आहेत. त्याच्या जागी ‘जय भीम’ रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. ते विडी कामगारांत काम करीत, १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, वारले. जोहार करताना कोण वरचा आणि कोण खालचा हे आधीच ठरलेले असे. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च येते; दोन माणसे एकमेकांसमोर ताठ उभी राहतात. आजी खेड्यातली एकेक सवय विसरू शकली नाही, परंतु जोहार हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. काही शब्द खरोखर टाकता येतात, हेही मी तिच्याकडूनच शिकले.

नावांच्या बाबतीत ही उलथापालथ सर्वांत स्पष्ट दिसते. आजीच्या एका भावाचे नाव सुपडू होते. आधीची मुले दगावली की नव्या बाळाला सुपात घालायचे, नाममात्र किमतीला शेजारणीला विकल्यासारखे करायचे आणि त्याला असे नाव द्यायचे की मृत्यूलाही त्याचा मोह पडू नये: सुपडू, कचरू, दगडू, धोंडू, उकंड्या, भिका. ही पद्धत एका जातीची नव्हती. महाराष्ट्रभर अनेक समाजांत या नावांची माणसे होती. आज आपल्याला ती नावे ओबडधोबड वाटतात, परंतु त्यांतले प्रत्येक नाव म्हणजे त्याआधी मेलेल्या भावंडांची नोंद आहे. बाळाला मोठ्याने ‘कचरू’ म्हणणाऱ्या आईच्या मनात काय चालत असेल, याचा विचार मी माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा रात्रभर केला. भीती शाप देऊन व्यक्त झाली, आणि तो शाप म्हणजेच माया होती. ‘नकुशी’ या नावाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे मुलगी खरोखरच नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा वर्तमानपत्रातले ते छायाचित्र आईने कापून ठेवले होते. आमच्याकडे १९५६ नंतर सुपडू आणि कचराबाई एका पिढीत संपले आणि हजेरीपटावर सुजाता, विशाखा, यशोधरा, राहुल, आनंद आले. नाव बदलण्याने जुने दुःख जात नाही, असे जे म्हणतात त्यांना वर्गात ‘कचरू’ अशी हाक कधी ऐकावी लागलेली नसते.

आजारांनीही भाषेत असेच घर केले आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला मराठीत मानमोडी म्हणत. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीने सर्वाधिक झोडपलेल्या भागांपैकी एक होता. आजीचा जन्म त्यानंतरचा, परंतु कोणाचा राग आला की ती "मानमोडी येवो त्याले" म्हणे, आणि तो शब्द एका साथीचा आहे हे तिला ठाऊक नव्हते. साथ विस्मरणात गेली आणि शिवी उरली. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आपण किरकोळ अडचणीसाठी वापरतो. ती पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या घरात धान्याची कणगी रिकामी असणार आणि अधिक मासाचे तीस दिवस त्याने बोटांवर मोजले असणार. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर १९०१ च्या जनगणनेत मध्यप्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली होती. आजी ताटात एक शीत राहू देत नसे, आणि पाहुणा दारातून आत येण्याआधीच त्याला "जेवला का?" असे विचारी. ही आपली संस्कृती आहे असे आपण म्हणतो. आहेच; पण त्या प्रश्नात कोणाची तरी भूक शिल्लक आहे.

कोणत्या जखमेला भाषेत मानाची जागा मिळते, याचाही विचार करायला हवा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते मराठीने विसरू दिले नाही. निवडणुकीत पक्ष हरला की त्याचे पानिपत होते, आणि विश्वास गेला तो पानिपतातच गेला, असे अजूनही म्हटले जाते. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर ते दुःख सगळ्यांच्या जिभेवर आहे, पाठ्यपुस्तकात आहे, आणि त्याचे मला काही वैषम्य नाही. परंतु वेशीबाहेर राहणाऱ्यांवर जे शतकानुशतके झाले त्याला अशी एका शब्दाची खूण नाही. ते एका दिवशी, एका मैदानावर घडले नाही. रोज पाणवठ्यावर घडले. म्हणून त्याला तारीख नाही आणि वाक्प्रचारही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातून, सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यांचे तोंड लागलेले सूत इतरांना चालत नसे. हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी पुढे आणला. इतक्या मोठ्या अपमानाला मराठीत एखादी म्हण तरी आहे का, हे मी शोधले. मला ती सापडली नाही.

पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या या आघाताचा शरीराच्या अंगानेही अभ्यास झाला आहे, आणि मी तो जमेल तसा वाचला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे मोठी उपासमार झाली. त्या काळात नुकत्याच गर्भात आलेल्या मुलांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या रेचेल येहुदा यांनी २०१६ मध्ये नाझी छळातून वाचलेल्या ज्यू माणसांत आणि त्यांच्या मुलांत ताणाशी संबंधित एका जनुकावर अशाच खुणा नोंदवल्या. त्यांच्या अभ्यासातली माणसे थोडी होती आणि त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, असे इतर शास्त्रज्ञांनी बजावले. मला ते बजावणे योग्य वाटते. माणसाच्या बाबतीत रक्तातून काय उतरते हे अजून ठरायचे आहे. बोलण्यातून काय उतरते ते मात्र मी आमच्या बैठकीतल्या बसण्याच्या जागेवरून दाखवू शकते.

आईबद्दल लिहिणे मला सर्वांत कठीण जाते. आजीने आठवणी दिल्या नाहीत, आणि आईने आम्हाला आजीची बोली दिली नाही. "मले" म्हटले की आई तिथल्या तिथे थांबवून "मला" म्हणायला लावी. "काहून" नाही, "का". "जाऊन राहिली" नाही, "जाते आहे". शाळेत शिकत असताना एका शिक्षकांनी तिला सगळ्या वर्गासमोर उभे करून तिचे बोलणे पुन्हा पुन्हा म्हणायला लावले होते आणि वर्ग हसत होता, हे तिने मला ती साठीची झाल्यावर सांगितले. त्या दिवसापासून ती आरशासमोर प्रमाण मराठी बोलण्याचा सराव करी. या मजकुरात एकही शब्द वाकडा जाऊ नये म्हणून मी जी धडपड करते आहे, ती त्या वर्गातून आलेली आहे. अमेरिकेतल्या लाकोटा आणि इतर मूलनिवासी मुलांना घरापासून दूरच्या वसतिशाळांत नेऊन त्यांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करीत, आणि पुढे त्यांच्यातल्याच मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी या न संपलेल्या शोकाला ऐतिहासिक आघात असे नाव दिले. आईची शिक्षा त्यांच्याइतकी कठोर नव्हती, आणि दोन्हींची तुलना मी करू नये. तरी भाषा सोडून सुरक्षित होण्याचा मार्ग मला ओळखीचा वाटला.

इंदोऱ्याला लागूनच जरीपटका आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे वसली, आणि शाळेतली माझी जिवलग मैत्रीण तिथलीच. तिची आजी घरात सिंधी बोले, आई हिंदीत उत्तर देई, आणि मैत्रीण माझ्याशी मराठीत बोले. सिंधी भाषा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण माझ्या मैत्रिणीच्या तोंडी ती आली नाही. तिची आजी स्वतः बांधलेल्या दुमजली घराला ‘हे घर’ म्हणे आणि नुसते ‘घर’ म्हणाली की ते सिंधमधले. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसत असू, आणि दोघींच्या आज्या एकाच वेळी दाराकडे पाहत असत.

त्या जेवणाच्या रात्रीनंतर मी एक वही केली. आजी २००४ मध्ये गेली, त्यामुळे तिला आता काही विचारता येत नाही. आठवेल तसे तिचे शब्द मी त्यात लिहिते. वंजळ. गाव. मानमोडी. सुपडू. ‘बसला’, मार या अर्थाने. प्रत्येकासमोर अर्थ आणि ती तो शब्द केव्हा बोलत असे, हे लिहिते. मुलगी मोठी झाली की तिला द्यावी असे मनात आहे. आईला हे पटले नाही. "एवढ्या कष्टानं जे घराबाहेर टाकलं ते तू गोळा करून पुन्हा आत आणतेस," असे ती म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला नाकारता येत नाही. जी मुलगी स्टुलावर बसण्याचे कारण जाणत नाही, तिला ते सांगून मी मोकळी करीन की तिच्या पाठीवर नवे ओझे देईन, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. कारण न कळताही ती स्टुलावरच बसली, एवढेच मी आईला म्हटले. त्यावर ती काही बोलली नाही.

वही मी टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवत असे. ‘इथीच बरं हाय’ हे मी पहिल्याच पानावर लिहिले होते आणि त्यासमोरची अर्थाची जागा कोरी सोडली होती, कारण लिहिलेला प्रत्येक अर्थ मला खोटा वाटे. हवा, घंटा, फोन यांपैकी कोणते कारण लिहावे हेच ठरत नव्हते. गेल्या आठवड्यात वही उघडली तर ती जागा भरलेली होती. अक्षर आईचे होते, फळ्यावर लिहून वळणदार झालेले, आणि वाक्य तिने आयुष्यभर दुरुस्त केलेल्या बोलीत होते:

"कोणी उठवाले येऊ नये म्हून."